पेटी-तबला कपाटात ठेवण्याआधी : उपासना समितीस खुले पत्र

प्रति,
उपासना समितीचे अध्यक्ष, पाळकसाहेब आणि सर्व सभासद,

सप्रेम सलाम.

मंडळीच्या फलकावर लागलेली सूचना सर्वांनी वाचली. पुढल्या महिन्यापासून रविवारच्या मुख्य उपासनेत 'उपासना संगीता'तलं (आपल्या मराठी ख्रिस्ती गीतसंग्रहातलं) एकच गीत, तेही सुरुवातीला. बाकीची चार वर्शिप टीम ठरवणार. साथीला ड्रम, कीबोर्ड आणि ट्रॅक, म्हणजे आधीच रेकॉर्ड केलेली साथ. पेटी-तबला फक्त घरोघरच्या (कॉटेज) प्रार्थनेला आणि भजनाच्या कार्यक्रमाला. कारणं दोन दिली आहेत : तरुण यावेत, आणि उपासना 'सर्व संस्कृतींना जवळची' व्हावी.

हे पत्र लिहिणाऱ्यांत पेटी, तबला आणि झांज वाजवणारे आहेत, गायनमंडळातले आहेत आणि दोघे गिटारवालेही आहेत. गिटारवाल्यांच्या सह्या आहेत हे आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर म्हाताऱ्यांचं रडगाणं म्हणून याची घडी होईल. पत्र खुलं अशासाठी की अशाच सूचना इतर मराठी मंडळ्यांच्या फलकांवरही लागू लागल्या आहेत.

आमचा विरोध परक्या वाद्यांना नाही. पेटी तरी कुठे आपली? हार्मोनियमचं पेटंट १८४२ साली पॅरिसमध्ये घेतलं गेलं. भाता हाताने मारायची, मांडी घालून वाजवायची पेटी पुढे कलकत्त्यात घडली. आकाशवाणीने १९४० ते १९७१ तिला दारही उघडलं नव्हतं. तरीही ती आपली झाली, कारण गाणाऱ्याचा सूर धरून त्याच्या मागे जायचं काम तिने मुकाट्याने केलं. कुठलंही वाद्य हे काम करणार असेल तर त्याला वेदीजवळ जागा द्या. आमची तक्रार वाद्यावर नाही, ते वाजवायच्या पद्धतीवर आणि गीतं निवडायच्या घाईवर आहे.

पहिली तक्रार : चालीत कोंबलेले शब्द

टीमच्या यादीतली बहुतेक गीतं इंग्रजीवरून, काही हिंदीवरून उतरवलेली आहेत. भावार्थ चांगला असतो. बिघडतं ते गाताना.

इंग्रजी गीताची चाल पुष्कळदा हलकं-जड, हलकं-जड अशी पावलं टाकते. जड पावलावर स्वर लांबतो आणि मूळ शब्दाचा आघातही नेमका तिथेच असतो. मराठीत आघात तेवढा ठळक नाही. मराठी कान धरतो तो ऱ्हस्व-दीर्घ आणि शब्द कुठे तुटतो ते. आता 'देवाची करुणा' ही सहा अक्षरं त्या चालीवर म्हणून पाहा : दे-वाऽ, ची-कऽ, रु-णाऽ. 'वा' लांबला, चाललं. मग 'क' हे बिचारं ऱ्हस्व अक्षर ताणलं गेलं, 'ची' त्याला जाऊन चिकटलं, आणि मागच्या बाकांवर ऐकू आलं : देवा, चीक, रुणा. करुणेचा चीक झाला आणि पडद्यावर शब्द बरोबर असल्यामुळे कुणाच्या लक्षातही आलं नाही.

हीच सहा अक्षरं मोठ्या अभंगात तीन-तीन अशी आपसूक बसतात. त्याचा साचा साधा आहे : सहा, सहा, सहा, चार अक्षरं आणि यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणात. नमुन्यादाखल आम्हीच जुळवलेल्या ओळी :

तुझ्या दारी उभा । रिकाम्या हाताने ।
भिजल्या डोळ्याने । हाक देतो ॥

काव्य म्हणून याला काही मोल नाही. पण कुठल्याही मराठी माणसासमोर ठेवा, चाल न सांगता तो ती गुणगुणू लागेल. शेवटच्या चार अक्षरांनंतर उरलेल्या जागेत श्वास घेता येतो, टाळ पडतो, आणि मागचे लोक ओळ झेलतात.

हे दुखणं फक्त आपलं नाही. नायजेरियातल्या योरुबा भाषेत स्वराच्या उंचीने अर्थ बदलतो. 'ऑकॉ' हा उच्चार एका उंचीवर नवरा, दुसऱ्या उंचीवर कुदळ आणि तिसऱ्या उंचीवर वाहन. तिथे इंग्रजी चालींवर भाषांतरं बसवली गेली तेव्हा चाल चढली-उतरली की अर्थही हलले. पुढे तिथल्या संगीतकारांनी बोलण्याच्या चढउतारावरूनच चाली बांधायला घेतल्या. घानात एफ्राइम आमू यांनी आपल्या भाषेच्या स्वरावर आणि आपल्या तालावर भक्तिगीतं रचली. देशी पोशाखात उपदेशाला उभे राहिले आणि देशी संगीत आणलं म्हणून १९३३ साली त्यांची मिशनच्या कॉलेजातली नोकरी गेली. आज घानात त्यांचं नाव आदराने घेतात.

भाषांतरित गीत मुळीच नको, असं आम्ही म्हणत नाही. ते घेण्याआधी चार गोष्टी करा, अर्ध्या तासाचं काम आहे. एक, शब्द चालीशिवाय मोठ्याने वाचा. वाचतानाच जीभ अडखळली तर गाताना अडखळणारच. दोन, चालीत स्वर जिथे लांबतो त्या अक्षरांखाली रेघ मारा. रेघ ऱ्हस्व अक्षराखाली किंवा शब्दाच्या पोटात पडली तर तो शब्द बदला. तीन, 'च्या', 'मध्ये', 'साठी' असे प्रत्यय पुढल्या ओळीत ढकलले गेलेत का ते पाहा. 'येशू' एका ओळीत आणि 'च्या' दुसऱ्या ओळीत हे पडद्यावर खपतं, कानाला खपत नाही. चार, गीत ठाऊक नसलेल्या तिघांना पडद्याकडे पाठ करून बसवा आणि ऐकू येईल ते कागदावर लिहायला सांगा. तिघांचे कागद जुळले तर गीत रविवारी घ्या.

दुसरी : पट्टी

गेल्या काही महिन्यांत गीत सुरू झालं की मंडळी उभी राहते, पण गात नाही. टीमला हे 'लोक थंड आहेत' असं वाटतं. लोक थंड नाहीत, पट्टी, म्हणजे गीताचा 'सा' कुठल्या सुरावर धरायचा ते, चुकते आहे.

रेकॉर्डिंगमधलं गीत एका कसलेल्या गळ्यासाठी असतं. पहिलं कडवं खर्जात कुजबुजल्यासारखं, मग धृपद अख्खं सप्तक वर उडी मारून. एकट्याने गायला छान. मंडळीत मात्र पहिलं कडवं बायकांना फार खाली जातं आणि धृपद पुरुषांना फार वर. दोघेही आपापल्या वेळी गप्प बसतात.

बायका-पुरुष, लहान-थोर मिळून गाणाऱ्या मंडळीचा आवाका पेटीवर दाखवता येतो. पुरुषांच्या सप्तकात मोजायचं तर खाली मंद्रातली (खालच्या सप्तकातली) पांढरी सहा, म्हणजे सहावी पांढरी पट्टी, वर तारातली (वरच्या सप्तकातली) पांढरी दोन. बायका तेच एक सप्तक वर गातात. यापुढे गेलं की अर्धे बाक शांत होतात. म्हणून गीतातला सगळ्यात वरचा स्वर आधी शोधायचा, तो पांढरी दोनवर किंवा खाली येईल अशी पट्टी ठरवायची आणि खालचा स्वर तपासायचा. वर जमवलं की खालचा पांढरी सहाच्या खाली जात असेल, तर ते गीत मंडळीचं नाही. गायनमंडळाने म्हणावं, लोकांनी ऐकावं, त्यात कमीपणा नाही.

तबलजींचीही एक अडचण ऐका. कीबोर्डवर बटण दाबलं की पट्टी बदलते. तबला हातोडीने चढवायचा असतो आणि एका-दोन स्वरांपलीकडे तो चढत-उतरत नाही. पाच गीतं पाच पट्ट्यांत लावली की तबला 'बसत नाही' ही तक्रार येणारच. काळी एकमध्ये लावलेला तबला काळी एकच्या 'सा'ला चालतो, काळी तीनच्या गीताला 'प' म्हणून चालतो आणि काळी चारला 'म' म्हणून. गीतं या तीन पट्ट्यांत बसवली तर पूर्ण उपासना एका तबल्यावर निघते. हे शनिवारच्या सरावाला विचारलं असतं तर शनिवारीच सांगितलं असतं.

तिसरी : ट्रॅक

ट्रॅक कुणासाठी थांबत नाही. धृपद तीनदा म्हणायचं की सातदा, हे आपल्याकडे लोकांच्या गळ्यावर ठरत आलं आहे. प्रभुभोजनाला रांग लांबली की धृपद लांबतं. भजनी ठेक्याच्या आठ मात्रा कितीही वेळ फिरवता येतात. ट्रॅकचं धृपद दोनदा म्हणजे दोनदाच. उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) एखाद्याचा गळा भरून आला आणि अंतरा उशिरा उचलला गेला, तर पेटी तिथेच रेंगाळते, ट्रॅक पुढे निघून जातो.

यात आणखी एक जातं, ते म्हणजे झेलणं. पुढच्याने ओळ टाकायची, मागच्यांनी उचलायची. वाचता न येणाऱ्या, चष्मा घरी राहिलेल्या आणि दिसणं कमी झालेल्या माणसांना याच पद्धतीने अख्खी गीतं पाठ आहेत. पडद्याने त्यांना बाहेर काढलं. पडदा काढा असं नाही, पण निदान त्यावरचं शुद्धलेखन तपासा. 'दीनदयाळ'चा 'दिनदयाळ' झाला की गरिबांचा दयाळू तारखेचा दयाळू होतो. जुन्या फॉन्टमधली फाइल युनिकोडमध्ये आणताना पहिल्या वेलांट्या भलत्याच अक्षरावर जाऊन बसतात. ती फाइल शनिवारी कुणीतरी एकदा वाचून काढावी.

चौथी : भैरवीवर जी मेजर

हा मुद्दा आमच्या गिटारवाल्यांचा. जुन्या गीतांना 'आधुनिक साथ' द्यायचा प्रयत्न झाला तेव्हा ती बेसूर वाटली, आणि दोष गीतावर आला. दोष कॉर्डचा, म्हणजे साथीला एकत्र दाबलेल्या स्वरांचा, होता.

पांढरी एक, म्हणजे सी, 'सा' धरू. भैरवी रागात रे, ग, ध, नी कोमल. कीबोर्डवाल्याचा हात सवयीने जी मेजरवर जातो; त्यात शुद्ध नी आणि शुद्ध रे आहेत. गाणारा कोमल रे लावतो, कीबोर्ड शुद्ध रे दाबतो, दोघं एकमेकांच्या पायावर पाय. तिथे सी मायनर, एफ मायनर, डी फ्लॅट मेजर आणि बी फ्लॅट मायनर हे चौघे घरचे आहेत. भूप रागाची गंमत वेगळी. त्यात म आणि नी नाहीतच. एफ मेजर दाबला की 'म' घुसतो, जी मेजर दाबला की 'नी'. अशा ठिकाणी कॉर्डचा मोह सोडून नुसता सा-प चा पॅड (सलग सूर) धरावा, गिटारने त्याच दोन स्वरांवर ठेका द्यावा. ऐकायला ते आजचंच वाटतं. तरुणांना हे आवडणार नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी आमच्या तरुणांना एकदा विचारावं.

ड्रमबद्दल एवढंच : आपलं देऊळ (चर्चची इमारत) दगडी, छत उंच, आवाज घुमतो. काठीने वाजवलेला पूर्ण ड्रम सेट तिथे व्यंजनं गिळून टाकतो, फक्त स्वर उरतात. साउंड लावणाऱ्याने पहिल्या बाकावरून नव्हे, शेवटून तिसऱ्या बाकावरून ऐकावं. तिथे शेजारच्याचं गाणं ऐकू आलं पाहिजे. ते आलं नाही की माणूस स्वतः गायचं थांबवतो.

पाचवी, आणि सगळ्यात बोचणारी

सूचनेवरच्या चर्चेत तबला, अभंग आणि कीर्तन 'आपलं नव्हे', 'जुन्या धर्मातलं' असंही म्हटलं गेलं. हे जाहीरपणे खोडून काढणं आम्हाला भाग आहे.

फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट (कॅथलिक संघातला) धर्मगुरू १५७९ साली गोव्याला आला. त्याचं 'क्रिस्तपुराण' १६१६ साली रायतूरला छापलं गेलं, सुमारे ११,००० ओव्यांचं. इंग्रज माणसाने इंग्रजी छंद बाजूला ठेवला आणि ओवी धरली, कारण ऐकणारे ओवीचे होते. त्याच गोव्यात १७३६ साली इन्क्विझिशनने (चर्चच्या धर्मन्यायालयाने) फर्मान काढून ख्रिस्ती लग्नातल्या ओव्यांवर बंदी घातली. ओवी हातात घेणारे आणि ओवीला भिणारे, दोन्ही आपल्याच इतिहासात आहेत. समितीने आपण कुणाच्या रांगेत उभे आहोत ते पाहावं.

अहमदनगरला कृष्णरत्न सांगळ्यांनी १८६० च्या दशकात कीर्तनाचा साचा घेतला. पूर्वरंग-उत्तररंग, आर्या, साकी, दिंडी, सगळा तोच; आख्यान बायबलचं. कवी नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो, असं ते सांगत. १९१९ साली ते गेले, आणि आजही त्यांची गीतं काढली तर 'उपासना संगीत' पातळ होईल. ही गीतं 'आपली नव्हेत' म्हणायचं, तर मग आपलं काय उरतं?

'सर्व संस्कृतींना जवळची' या शब्दांबद्दल. लुथरन वर्ल्ड फेडरेशनने (लुथरन मंडळ्यांच्या जागतिक संघाने) १९९६ साली नैरोबीत केलेलं निवेदन उपासना आणि संस्कृतीचं नातं चार अंगांनी सांगतं : काही गोष्टी सगळ्या संस्कृतींच्या पलीकडच्या, काही त्या त्या मातीतल्या, काही संस्कृतीला विरोध करणाऱ्या, आणि काही एका संस्कृतीने दुसरीला दिलेल्या. कॅथलिक चर्चने तर १९६३ सालीच दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत मिशनच्या देशांतल्या स्थानिक संगीताला उपासनेत योग्य जागा द्या, असं लिहून ठेवलं. देवघेव म्हणजे दोन हात. आपल्या सूचनेत एकच हात आहे, घेणारा. आमेन, हालेलूया, होसान्ना हे इब्री शब्द जगभर जसेच्या तसे गातात, आपणही गातो, कुणाला परके वाटले नाहीत. मंडळीत तेलुगू आणि हिंदी बोलणारी कुटुंबं आहेत. त्यांच्या भाषेतलं एखादं धृपद सगळ्यांनी शिकावं, मराठीतलं एखादं त्यांना शिकवावं. ते सर्व संस्कृतींना जवळचं होईल. इंग्रजी गीताचं घाईतलं मराठी रूप कुणालाच जवळचं नाही, इंग्रजी बोलणाऱ्यांनाही नाही.

जाता जाता कायद्याचं. उपासनेत गीत गाण्याला आपल्या कॉपीराइट कायद्यात सूट आहे. आजच्या गीतकाराच्या गीताचं भाषांतर करून छापणं आणि त्याचा व्हिडिओ यूट्यूबवर टाकणं ही वेगळी बाब आहे, तिथे परवानगी लागते. टिळकांच्या हयातीत छापलेल्या गीतांना ती लागत नाही.

आमच्या मागण्या

सूचना सभासदांच्या सभेपुढे येईपर्यंत स्थगित ठेवावी.

मुख्य उपासनेत 'उपासना संगीता'तली निदान दोन गीतं असावीत. त्यांतलं एक पेटी-तबल्यावर, एक गिटार-कीबोर्डवर, वर लिहिलेली कॉर्डची पथ्यं पाळून. भाषांतरित गीत वरच्या चार चाचण्यांतून गेल्यावरच घ्यावं. ट्रॅक सणाच्या एखाद्या कार्यक्रमापुरता ठेवावा.

शनिवारच्या सरावाला टीम आणि पेटी-तबलावाले एकत्र बसावेत, एक तास. पट्टी तिथेच ठरावी.

चालींची नोंद ताबडतोब सुरू करावी. ही मागणी आम्हाला सगळ्यात निकडीची वाटते. पुस्तकात शब्द आहेत, वर चालीचं नाव आहे, चाल नाही. ती सत्तरी ओलांडलेल्या आठ-दहा गळ्यांत आहे. मोबाइलवरही नोंद होते, फक्त नीट करावी : पंखा बंद, फोन तोंडापासून हातभर, आधी पेटीवर 'सा' पाच सेकंद, मग गीताचा क्रमांक आणि गाणाऱ्याचं नाव बोलून घ्यायचं, धृपद दोनदा, एक कडवं, पुन्हा धृपद, आणि शेवटी ही चाल कुणाकडून शिकलात तेवढं विचारायचं. एका गीताला तीन-चार मिनिटं. साथ नको, टाळ्याही नकोत. नंतर स्वरलिपी काढणाऱ्याला नुसता गळा हवा असतो. एकाच गीताच्या दोन गावच्या दोन चाली निघाल्या तर दोन्ही ठेवायच्या, खरी कुठली यावर भांडत बसायचं नाही. गायनमंडळातले चार तरुण हे काम करायला तयार आहेत. त्यांना पावसाळ्याआधी रविवारच्या दुपारी खोली मिळावी.

वाद्यांच्या देखभालीसाठी अंदाजपत्रकात वेगळा मथळा असावा. पेटी वर्षातून एकदा सुरात लावून घ्यावी लागते, पावसाळ्यात तिच्या भात्याला आणि पट्ट्यांना दमट हवा बाधते. ड्रम सेटला रक्कम मंजूर झाली त्याच सभेत तबल्याच्या पुडीचा (वरच्या चामड्याचा) अर्ज 'पुढे पाहू' म्हणून मागे पडला. ती पुडी शाईपाशी फाटली आहे. तो खर्च या वेळी आम्ही करतो, पावतीही मागत नाही. वाद्यांच्या कपाटाला नवीन कुलूप लागलं आहे. त्याची किल्ली कुणाकडे आहे, तेवढं येत्या शनिवारच्या आत कळवावं.

आपले,
पेटी-तबला साथीदार, गायनमंडळातील सभासद आणि दोन गिटारवाले